अडलेल्या हीटरचे गणित

जुन्या गाडीच्या हीटरची कळ फिरत नसेल, तर ती जोर लावून फिरवू नये. तो जोर कुठे जातो हे समजून घेतले की हा सल्ला आपोआप पटतो.

उदाहरणादाखल एमजीबी घेऊ. ही दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनमध्ये तयार झाली. तिचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) या कंपनीच्या ‘बी-सिरीज’चे. याच घराण्यातले 1489 सीसीचे इंजिन आपल्याकडच्या अ‍ॅम्बेसिडरमध्ये अनेक वर्षे होते, त्यामुळे जुन्या मेस्त्रींना ते अनोळखी नाही. इंग्लंडच्या थंडीतसुद्धा सुरुवातीच्या एमजीबीत हीटर वेगळे पैसे मोजून बसवून घ्यावा लागे, याचे आज नवल वाटते. कारण हीटर फक्त पाय शेकण्यासाठी नसतो. समोरच्या काचेवर धरलेले धुके त्याच्याच हवेने जाते. काच दवबिंदूच्या वर तापली की तिच्यावर बाष्प साचत नाही. कडाक्याच्या थंडीत हीटर बंद पडणे म्हणजे समोरचे न दिसणे.

ही उष्णता फुकटची असते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण पाव भागच गाडी पळवण्याच्या कामी येतो. उरलेली बरीचशी धुरातून आणि इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्यातून निघून जाते. त्या तापलेल्या पाण्याचा एक फाटा सिलिंडर हेडवर बसवलेल्या छोट्या कॉकमधून हीटरच्या पेटीतल्या लहानशा रेडिएटरकडे जातो आणि पंखा त्यावरून हवा आत ढकलतो. डॅशबोर्डवरची कळ या कॉकला एका तारेने जोडलेली असते.

खरी गंमत या तारेत आहे. सायकलच्या ब्रेकला असते तशी ही बाउडन केबल. अर्नेस्ट बाउडन यांनी 1896 साली तिचे पेटंट घेतले. बाहेर नळी, आत तार. ब्रेकची तार फक्त ओढते. हीटरची तार एकेरी, कडक असते आणि तिला ओढण्याबरोबर ढकलावेही लागते. कळीपासून कॉकपर्यंत जाताना ती वळणे घेते आणि प्रत्येक वळणावर नळीच्या आतल्या अंगाला घासते. हे घर्षण वळणागणिक नुसते मिळवले जात नाही, गुणले जाते.

भाऊच्या धक्क्यावर लाँच लागताना खलाशी दोराचे दोन-तीन वेढे खुंटाला घालतो आणि एवढी मोठी लाँच एकटा धरून ठेवतो, त्यामागचे सूत्र हेच. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने ते मांडले. वळण किती मोठे वा लहान गोलाईचे आहे याला त्यात महत्त्व नाही. एकूण किती अंशांत वळले, एवढेच मोजायचे. वंगण असलेल्या तारेचा घर्षणांक 0.2 धरला, तर एकूण 180 अंशांच्या वळणासाठी कळीशी कॉकला लागणाऱ्या जोराच्या जवळपास 1.9 पट जोर लागतो. तीच तार गंजून घर्षणांक 0.5 झाला, तर 4.8 पट. आणि बॉनेटखाली कोणी केबल वेडीवाकडी फिरवून वळण 360 अंशांवर नेले असेल, तर गंजक्या तारेला तब्बल 23 पट! कॉक अगदी निरोगी असूनही कळ जाम वाटते ती यामुळे.

मग माणूस जोर लावतो आणि तार वाकते. तीही हमखास एकाच ठिकाणी: नळी संपून कॉकच्या दांडीपर्यंत जो तुकडा उघडा असतो, तिथे. दाबाखाली सडपातळ दांडी कधी वाकते याचे सूत्रही ऑयलरचेच. उघडी लांबी दुप्पट केली की दाब सोसण्याची ताकद चौथ्या हिश्शावर येते. म्हणून नळीचा क्लॅम्प कॉकच्या शक्य तितका जवळ हवा. तो सैल असेल, तर कळ फिरते, सगळी नळीच मागेपुढे सरकते आणि कॉक जागच्या जागी राहतो.

तेव्हा दुरुस्तीची सुरुवात तार कॉकपासून सोडवून करावी, तीही इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. दाबाखालचे पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही, पण झाकण उघडताच उसळते आणि भाजते. तार सुटली की कळ फिरवून पाहावी आणि कॉकची दांडी बोटांनी हलवून पाहावी. दोष कुठल्या टोकाला आहे ते लगेच कळते. माझ्या मते निम्मे काम इथेच होते. बहुतेक मोडतोड ही पायरी गाळल्यामुळे होते.

तार दोषी असेल तर ती बाहेर काढावी, गंज पुसावा, नळीत पातळ ग्रीस सोडावे आणि वळणे कमी करून ती पुन्हा बसवावी. ठेच लागून चेपलेली नळी सरळ बदलावी.

कॉक दोषी असेल तर मात्र धीर हवा. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या कॉकमागे पाणी साचून राहते. कुलंटमधली गंजरोधक द्रव्ये संपतात, जड पाण्यातला चुना तापल्यावर बाहेर पडून दट्ट्याभोवती बसतो. कॉक हेडला धरून ठेवणारे पोलादी स्टडही ओतीव लोखंडात गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आटे आतून आवळले जातात. तिथे पान्ह्याला हिसका दिला की स्टड हेडमध्येच तुटतो आणि किरकोळ कामाचे हेड उतरवण्याचे काम होते. पातळ, झिरपणारे तेल सोडून रात्रभर थांबावे. मग नट किंचित आवळून, किंचित सैल करत, मागेपुढे खेळवत काढावा. कॉक गळका असेल तर डागडुजीत वेळ न घालवता नवा बसवावा, गॅस्केटही नवे घ्यावे. भरताना विहिरीचे किंवा बोअरचे पाणी नको. डिस्टिल्ड पाण्यात कुलंट मिसळावे.

जोडताना कळ ‘थंड’वर आणि कॉक पूर्ण बंद ठेवून क्लॅम्प आवळायचा. इंजिन तापले की कॉक उघडून हीटरचे दोन्ही होज पाइप हाताने चाचपून पाहावेत. एक चांगला गरम आणि दुसरा गार लागला, तर हवा अडकली आहे किंवा आतला छोटा रेडिएटर गाळाने तुंबला आहे. आधी हवा काढून पाहावी. तरीही फरक पडला नाही, तर इंजिन पुन्हा थंड होऊ द्यावे, दोन्ही होज सोडवावेत आणि बागेच्या नळीने कमी दाबाचे पाणी उलट्या दिशेने, ते स्वच्छ येईपर्यंत सोडत राहावे.