नटाच्या तुटलेल्या पाकळ्या

सोलापुरात रस्त्याकडेला एखादी जुनी जावा किंवा येझ्दी उभी दिसली, की मी तिची नंबरप्लेट नंतर पाहतो. आधी वाकून सिलिंडरच्या तोंडाशी बेंड पाईप धरून ठेवणारा पाकळीदार नट पाहतो. बहुतेक नटांच्या दोन-तीन पाकळ्या उडालेल्या असतात आणि उरलेल्यांवर छिन्नीचे घाव असतात. गाडीचे कागद हरवतात, मालक बदलतात. हे घाव मात्र राहतात. ते काय सांगतात, याचा हा छोटा शोध.

आयडियल जावा कंपनीने म्हैसूरला १९६१ पासून या गाड्या बनवल्या; १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. अडीचशे सीसीच्या या टू-स्ट्रोक इंजिनाला सिलिंडर एकच, पण धूर बाहेर पडायची तोंडे दोन. म्हणून सायलेन्सर दोन, नट दोन आणि गळतीच्या जागाही दोन. मिनिटाला तीन हजार फेरे धरले, तर सेकंदाला पन्नास वेळा गरम वायूचा धक्का या सांध्यांवर बसतो. पेट्रोलात ऑइल मिसळलेले असते. त्यामुळे सांधा जरा सैल झाला, की तिथून काळा चिकट ओघळ येतो आणि इंजिनाचा ठेका फुटका वाटू लागतो. नुकसान केवळ आवाजाचे नाही. पाईपमधून उलट येणारी दाबाची लाट ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये रोखायला मदत करते. सांधा गळला, की ती लाट दुबळी होते आणि गाडीचा दम कमी होतो.

हा नट फिरवायला आकड्याचा पाना लागतो. तो ज्याच्याकडे नाही, तो पाकळीवर छिन्नी ठेवून हातोडा मारतो. तुटलेली पाकळी म्हणजे त्या दिवशी पाना नव्हता, याची नोंद. माझ्या गाडीवरच्या दोन नोंदी माझ्याच हातच्या आहेत. दर महिन्याला मी नट ठोकून घट्ट करी, तो पुन्हा सैल होई. शेवटी एका वयस्क मिस्त्रींनी गाडीकडे बघून विचारले, "मालक, मागचा क्लिप कधी बघितला का?"

क्लिप सैल होता. सायलेन्सरचे सगळे वजन आणि हादरे पुढच्या नटावर येत होते. दुखणे मागे आणि मी औषध पुढे लावत होतो.

त्यांनी शिकवलेला क्रम असा. इंजिन थंड असताना पाईप उतरवायचा. तोंडावरचा कार्बन काढायचा, पाईपची कॉलर सपाट आहे का ते पाहायचे. नवे पॅकिंग बसवून नट हाताने फिरवायचा. आटे सरळ धरले नाहीत तर सिलिंडरच खराब होतो, म्हणून इथे जोर चालत नाही. मागचा क्लिप सैल ठेवून पाईप आपल्या जागी बसू द्यायचा. मग पान्याने नट, त्यानंतर क्लिप. इंजिन चालवून तापवायचे, पूर्ण थंड होऊ द्यायचे आणि नट पुन्हा पाहायचा. कारण उष्णतेने पॅकिंग दबते आणि नट सैल पडतो.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्याकडून घेतली नाही. जुने पॅकिंग तांब्याच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस भरून केलेले असे. ते चिकटले, की मिस्त्री करवतीच्या पात्याने खरवडत आणि भुकटी फुंकून टाकत. ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगाला कारण ठरतात, आणि त्याचा आजार दिसायला अनेक वर्षे जातात. गाडीवरचा घाव डोळ्यांना दिसतो. फुंकणाऱ्याच्या छातीतला दिसत नाही. म्हणून जुने पॅकिंग आधी ओले करावे, ओलेच काढून पिशवीत बांधावे. खरवडू नये, फुंकू तर नयेच.

त्याऐवजी मी भरीव तांब्याची कडी वापरतो. ठोकून किंवा दाबून तांबे कडक होते, लाल तापवले की पुन्हा मऊ होते. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर याच गुणावर हंडे घडवत आले आहेत. मऊ कडी कॉलरच्या खाचाखोचांत बसते. पुढच्या वेळी तापवली, की तीच पुन्हा चालते.

माझ्या नटाच्या दोन पाकळ्या आजही नाहीत. नवा नट आणून ठेवला आहे, पण बसवलेला नाही. जुना अजून गळत नाही, आणि छिन्नी उचलण्याआधी मागे बघायचे असते, हे तो रोज आठवण करून देतो.