रात्रीची पॅसेंजर आणि न सापडलेले विष

१२ नोव्हेंबर १९५६. रात्री दहा वाजता पुणे स्थानकातून मुंबईकडे जाणारी पॅसेंजर सुटली. तिच्यात शुक्रवार पेठेत राहणाऱ्या लक्ष्मीबाई कर्वे होत्या आणि सोबतीला त्यांचे डॉक्टर, अनंत चिंतामण लागू. दुसऱ्या दिवशी मुंबईतील एका नामांकित डॉक्टरांना प्रकृती दाखवायची, असे ठरले होते. पुणे-मुंबई हे १९२ किलोमीटरचे अंतर. 'दख्खनची राणी' ते तीन तासांच्या आसपास कापत असे. या गाडीला सात तास लागत. तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली अशी मावळातली स्थानके मागे टाकून गाडी लोणावळ्याला येते, खंडाळ्याच्या पुढे बोरघाट उतरते आणि कर्जतला सपाटीला लागते. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी ती बोरीबंदरला पोहोचली, तेव्हा लक्ष्मीबाई बेशुद्ध होत्या. त्याच सकाळी साडेअकराच्या सुमारास गोकुळदास तेजपाल इस्पितळात त्यांचा मृत्यू झाला.

त्या सात तासांत डब्यात काय घडले? विष देताना पाहिलेला एकही साक्षीदार नाही. शवविच्छेदनात विष सापडले नाही. मृत्यूचे कारण म्हणून मधुमेहाच्या मूर्च्छेची नोंद झाली. असे असूनही डॉ. लागू यांना विषप्रयोगाने खून केल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. 'अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य' हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावा लागतो. विष सापडले नसताना विषप्रयोग सिद्ध कसा होतो, हा या खटल्याचा गाभा आहे.

शुक्रवार पेठेतील घर

लक्ष्मीबाईंचे यजमान पुण्यातील सुस्थितीतले गृहस्थ होते. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या आजारपणात डॉ. लागू यांचेच उपचार चालू होते. पुढे लक्ष्मीबाईंना क्षयाने ग्रासले, मधुमेह जडला, एक मोठी शस्त्रक्रियाही करावी लागली. १९५४ साली त्यांचा धाकटा मुलगा वारला. थोरला वेगळा राहत होता. घर होते, समभाग होते, बँकेत ठेवी होत्या. पण जवळ माणूस म्हणावे असे कोणी उरले नव्हते. ती जागा डॉक्टरांनी घेतली. ते त्याच घरात राहू लागले. औषधपाणी त्यांच्या हाती आले आणि हळूहळू आर्थिक व्यवहारही.

पुण्याच्या जुन्या पेठांतील जीवन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. तिथे घराचा डॉक्टर हा नुसता डॉक्टर नसे. लग्नाच्या बोलणीपासून मृत्युपत्रापर्यंत त्याचा सल्ला घेतला जाई. विश्वासाच्या या नात्यावर अनेक कुटुंबे तरून गेली. मात्र ज्या घरात विश्वास एकाच माणसावर टाकलेला असतो आणि त्यावर नजर ठेवणारे दुसरे कोणी नसते, तिथे काय होऊ शकते, हे या खटल्याने दाखवून दिले.

बेवारस देह आणि 'जिवंत' पत्रे

इस्पितळात दाखल करताना डॉ. लागू यांनी रुग्णाचे नाव 'लक्ष्मीबाई कर्वे' असे सांगितले नाही. माहेरचे 'इंदुमती' हे नाव नोंदविले गेले, आडनावही कर्वे नव्हते. पत्ता मात्र डॉक्टरांमार्फत असा होता. गाडीत अचानक शुद्ध हरपली, पूर्वीही असे झटके येत असत, अशी माहिती त्यांनी दिली. त्यानंतर मुंबईच्या डॉक्टरांची ठरलेली भेट रद्द करून ते पुण्याला परतले.

मृत्यूनंतर इस्पितळाने त्यांना तार केली: देह ताब्यात घेण्याची व्यवस्था करावी. डॉक्टर गेले नाहीत. मृत स्त्रीचा भाऊ कलकत्त्याहून येईल, अशा अर्थाचे पत्र त्यांनी धाडले. असा कोणी भाऊ आला नाही. दहा दिवस देह शवागारात पडून राहिला. बेवारस म्हणून तो वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी जाणार, इतक्यात एका शिपायाला गळ्यावर खुणेसारखे काहीतरी दिसले आणि म्हणून २३ नोव्हेंबरला शवविच्छेदन झाले. त्या खुणेतून काही निष्पन्न झाले नाही आणि रासायनिक तपासणीत विषाचा मागमूस लागला नाही. अंत्यविधी परक्यांच्या हातून झाला.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाई 'जिवंत' होत्या. त्या यात्रेला गेल्या आहेत, असे आधी सांगण्यात आले. मग आप्तांना आणि परिचितांना त्यांच्या नावाने पत्रे येऊ लागली. आपण जोशी नावाच्या गृहस्थांशी विवाह केला असून जयपूरजवळच्या राठोडी या गावी स्थायिक झालो आहोत, आपला शोध घेऊ नये, असा त्यांचा आशय होता. त्याच काळात त्यांचे समभाग विकले जात होते, बँकेतील रकमा काढल्या जात होत्या आणि त्यासाठी लागणाऱ्या कागदांवर त्यांच्या सह्या होत होत्या. त्या सह्या आणि ती पत्रे बनावट होती, ती सारी डॉ. लागू यांचीच करणी होती, असा निष्कर्ष न्यायालयांनी पुढे काढला.

हे नाटक सव्वा वर्ष चालले. ते मोडले ते पेठेतल्या चौकसपणाने. पुणेकरांच्या या स्वभावाची थट्टा खूप होते. कोण कुठे गेले, कधी परतले, दाराला कुलूप का आहे, याची उठाठेव शेजाऱ्याने कशाला करावी, असे आपण म्हणतो. इथे त्याच उठाठेवीने काम केले. क्षय आणि मधुमेहाने जर्जर झालेली प्रौढ विधवा कोणालाही न सांगता राजस्थानात जाऊन लग्न करते, हे काहींच्या गळी उतरले नाही. आप्तांनी आणि एका परिचित गृहस्थांनी तक्रारी केल्या, अर्ज धाडले, पाठपुरावा केला. १९५८ साली पोलिसांनी डॉ. लागू यांना अटक केली. इस्पितळाच्या कागदांवरची 'इंदुमती' म्हणजेच लक्ष्मीबाई, हे तेव्हा उघड झाले.

विषाविना विषप्रयोग

बचाव पक्षाची बाजू वरकरणी भक्कम होती. रुग्ण मधुमेही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचे मतही मधुमेहाच्या मूर्च्छेचे. विष सापडलेले नाही. मग खून झाला हेच कशावरून?

विषप्रयोगाच्या खटल्यात साधारणपणे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: मृत्यू विषाने झाला, आरोपीजवळ ते विष होते आणि ते देण्याची संधी त्याला मिळाली. डॉ. लागू यांच्या वकिलांचा भर या सूत्रावर होता. न्या. हिदायतुल्ला यांनी स्वतःच्या व न्या. एस. के. दास यांच्या वतीने लिहिलेल्या निकालपत्रात हे सूत्र नाकारले नाही. पण ते आंधळेपणाने लावायचे नसते, असे स्पष्ट केले. कित्येक विषे शरीरात खूण ठेवत नाहीत. दहा दिवस उलटल्यावर तर शोध अधिकच अवघड होतो. अशा वेळी विष सापडलेच पाहिजे असा हट्ट धरला, तर ज्याला विषांचे सर्वाधिक ज्ञान आहे, त्यालाच कायद्यापासून अभय मिळेल. म्हणून परिस्थितिजन्य पुराव्याची सारी साखळी एकत्र पाहून मृत्यूचे कारण ठरविता येते, असे बहुमताने मानले.

या साखळीत दोन प्रकारचे दुवे होते. पहिला वैद्यकीय. मधुमेहाची मूर्च्छा विजेसारखी कोसळत नाही. तहान, थकवा, मळमळ, खोल श्वास अशी पूर्वसूचना देत ती तासा-तासाने, कधी दिवसा-दिवसाने येते. रात्री प्रवासाला निघण्याइतपत बरी असलेली स्त्री पहाटे अचेतन होते, हे त्यात बसते का, याची चिकित्सा न्यायालयाने इस्पितळातील नोंदी आणि तज्ज्ञांच्या साक्षी यांवरून बारकाईने केली आणि ते बसत नाही, असे ठरविले.

दुसरा दुवा वर्तनाचा. गुन्ह्यापूर्वीचे आणि नंतरचे वर्तन हा ग्राह्य पुरावा असतो. जुन्या पुरावा कायद्याच्या आठव्या कलमात ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. ज्या रुग्णावर दहा वर्षे उपचार केले, तिचा नैसर्गिक मृत्यू झाला असता, तर डॉक्टरने मुलाला कळविले असते. इथे नाव लपविले गेले, देह बेवारस सोडला गेला, नसलेला भाऊ उभा केला गेला आणि मृत स्त्रीकडून पत्रे लिहवून घेतली गेली. मालमत्ता गिळण्याची योजना त्या प्रवासाआधीच आखली होती आणि मृत्यू हा त्या योजनेचाच भाग होता, असा अर्थ बहुमताने लावला.

परदेशांतील खटल्यांचाही या निकालात विचार झाला. १९५५ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ओनुफ्रेचिक खटल्यात, वेल्समधील एका शेतावरून नाहीशा झालेल्या भागीदाराचा देह कधीच सापडला नसताना, परिस्थितीच्या आधारे खुनाची शिक्षा कायम केली होती. देहाविना खून सिद्ध होऊ शकतो, तर विषाविना विषप्रयोगही होऊ शकतो, हे तर्कशास्त्र त्यामागे होते.

तिसऱ्या न्यायाधीशाची शंका

मात्र हा निकाल एकमताचा नव्हता, हे पुष्कळदा विसरले जाते. तिसरे न्यायाधीश न्या. ए. के. सरकार यांनी भिन्न मत नोंदविले. डॉ. लागू यांचे वर्तन निंद्य होते, यात त्यांनाही संशय नव्हता. पण लोभी माणूस म्हणजे खुनी माणूस नव्हे. रुग्ण नैसर्गिकरीत्या दगावली आणि मग आयत्या चालून आलेल्या मालमत्तेचा मोह डॉक्टरला पडला, ही शक्यता पुराव्याने पुसली गेली आहे का? ती पुसली गेलेली नसेल, तर संशयाचा फायदा आरोपीलाच मिळाला पाहिजे, असा त्यांच्या मताचा रोख होता. तीन न्यायाधीशांपैकी एकाला खून झाला हेच सिद्ध वाटले नाही आणि तरीही फाशी कायम राहिली, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे.

ही शंका किती मोलाची होती, हे पुढे पुण्यातल्याच दुसऱ्या खटल्याने दाखविले. जून १९८२ मध्ये एका नवविवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला. या वेळी विष सापडलेले होते. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. पण १९८४ मध्ये 'शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही आणि विष आरोपीजवळ असल्याचा पुरावा नाही, असे न्यायालयाने म्हटले. परिस्थितिजन्य पुराव्याची 'पंचशील तत्त्वे' याच निकालातली. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली हवी; ती फक्त अपराधाशीच सुसंगत हवी; ती निर्णायक स्वरूपाची हवी; तिने अन्य प्रत्येक शक्यता बाद केली पाहिजे; आणि साखळी इतकी अखंड हवी, की निर्दोषत्वाला वाजवी जागाच उरू नये.

हे दोन निकाल परस्परविरोधी नाहीत. विष न सापडणे हा आरोपीचा हुकमी बचाव नव्हे, हे पहिला सांगतो. विष सापडणे हा सरकार पक्षाचा हुकमी पुरावा नव्हे, हे दुसरा सांगतो. दोन्हींत कसोटी एकच आहे: साखळीतून निसटायला वाजवी वाट उरते का?

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत दोन न्यायाधीशांना ती उरली नाही असे वाटले, एकाला वाटले ती उरते. त्या रात्री तळेगावपाशी, लोणावळ्यापाशी की घाट उतरल्यावर, त्यांची शुद्ध नेमकी कुठे हरपली, हे जाणणारा एकच माणूस डब्यात होता आणि त्याच्या सांगण्यावर न्यायालयाने विश्वास ठेवला नाही. मात्र न्यायालयापर्यंत हा प्रश्न पोहोचला, तो कोणत्याही शास्त्रीय तपासणीमुळे नव्हे. पत्र हाती आल्यावर 'हे तिचे नाही' असे म्हणणारी माणसे शुक्रवार पेठेत होती, म्हणून तो पोहोचला. आज शहरांत एकटी राहणारी वृद्ध माणसे वाढत आहेत. त्यांची औषधे, बँकेची खाती आणि सह्या बहुधा एखाद्याच विश्वासू माणसाच्या हाती असतात. बहुतेक वेळी तो विश्वास खराही ठरतो. तरीही अधूनमधून दारावर थाप मारून चौकशी करणारा शेजारी असावा. त्याच्या भोचकपणाचा त्रास होतो खरा. पण लक्ष्मीबाई कुठे आहेत, हे शेवटी अशाच लोकांनी विचारले.