विहिरीचे अदृश्य राखणदार

विहिरीचे पाणी नितळ दिसते, चवीलाही चांगले लागते. आई ते उकळून निर्धास्तपणे बाळाच्या दुधात घालते. पण त्यात नायट्रेट असेल तर? त्याला ना रंग, ना वास. उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

१९४५ साली अमेरिकेतील आयोवा येथील डॉ. हंटर कॉमली यांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिऊन निळ्या पडलेल्या तान्ह्या बाळांची नोंद केली. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. म्हणूनच भारतीय मानकानुसार पिण्याच्या १ लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे.

हे येते कुठून? शेतातला युरिया, उकिरडा आणि शोषखड्डा यांतून. मातीतले काही जिवाणू त्यातील नत्राचे नायट्रेट बनवतात. पिकाने न घेतलेले नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपते.

निसर्गाचा उतारा

यावर उतारा आहे, तोही जिवाणूंचाच! फ्रान्समधील गायों व द्युपती यांनी १८८६ मध्ये अशा जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. चिखलात प्राणवायू संपला की हे जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात. शेवटी उरतो तो निरुपद्रवी नत्रवायू. आपल्या हवेत ७८ टक्के असतो तोच! याला विनत्रीकरण म्हणतात. पाणथळ जागा, तळ्यातला गाळ, भातखाचरे येथे हे काम अखंड चालते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतही हेच जिवाणू बिनहवेच्या टाक्यांत राबतात.

मात्र त्यांनाही खाद्य लागते, ते म्हणजे कुजलेला पालापाचोळा. खडकातल्या खोल पाण्यात ते फारसे नसते. तेथे पोचलेले नायट्रेट वर्षानुवर्षे तसेच राहू शकते.

तेव्हा काळजी आपणच घ्यायला हवी. उकिरडा व शोषखड्डा विहिरीपासून दूर ठेवा. खत पिकाच्या गरजेपुरतेच, हप्त्याहप्त्याने द्या. पाणथळ जागा बुजवू नका. विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. बाळाला पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्या. वरचे दूध देणे भागच पडले, तर तपासलेले पाणीच वापरा.

राखणदार कितीही इमानी असले तरी घराचे दार आपणच लावायचे असते, नाही का?