दातांची शस्त्रक्रिया, भूल आणि घरातील एक आठवण

दात काढण्याचे बहुतेक काम हिरडीत बधिरतेचे इंजेक्शन देऊन होते. परंतु हाडात खोल रुतलेल्या अक्कलदाढा किंवा लहान मुलाच्या अनेक किडलेल्या दातांवर एकाच बैठकीत करावयाचे उपचार यांसाठी पूर्ण भूल द्यावी लागते. असा रुग्ण सकाळी येतो आणि सायंकाळी जुहू, विलेपार्ले वा वर्सोवा येथील आपल्या घरी परततो. त्यामुळे औषध किती लवकर लागू पडते याइतकेच ते किती लवकर व पूर्णपणे उतरते, हेही आम्हांस पाहावे लागते.

या शस्त्रक्रियेत तोंड दंतशल्यविशारदाच्या स्वाधीन असते; म्हणून श्वासाची नळी बहुधा नाकावाटे घालतात. नळी घालताना स्वरयंत्र सैल पडावे यासाठी स्नायू शिथिल करणारे औषध देतात. या औषधाने वेदना शमत नाही वा झोप येत नाही. ते कार्य भुलीच्या इतर औषधांचे. श्वसनाचे स्नायूही शिथिल होत असल्याने तेवढा काळ रुग्णाचा श्वासोच्छ्वास भूलतज्ज्ञ चालवितात.

सक्सामेथोनियम हे जुने औषध सुमारे एका मिनिटात लागू पडते व पाच ते दहा मिनिटांत ओसरते. मात्र दुसऱ्या दिवशी अंग दुखते. लगेच हिंडूफिरू लागणाऱ्यांना हा त्रास अधिक जाणवतो. शिवाय हे औषध रक्तातील ज्या विकराने नष्ट होते, तो काही कुटुंबांत जन्मतःच अत्यल्प असतो. अशा व्यक्तीस काही तास कृत्रिम श्वसनावर ठेवावे लागते. आंध्र, तेलंगण व मराठवाड्यात वसलेल्या आर्य वैश्य समाजात ही उणीव तुलनेने अधिक आढळते. त्यामागील एक जनुकीय बदल संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केला. हा आजार नव्हे. एरवी तो जाणवतही नाही.

पर्याय उपलब्ध आहेत. अ‍ॅट्राक्युरियम दोन-तीन मिनिटांत लागू पडते, सुमारे अर्धा तास टिकते आणि यकृत वा मूत्रपिंडावर फारसे अवलंबून न राहता शरीरात आपोआप विघटित होते. रोक्युरोनियम त्याहून जलद लागू पडते. त्यांचा उरलेला परिणाम निओस्टिग्मीनने उतरविता येतो. रोक्युरोनियमसाठी सुगॅमॅडेक्स हे अधिक प्रभावी औषध आहे. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम काही दिवस उणावू शकतो. म्हणून या गोळ्या घेणाऱ्या भगिनींनी तसे आवर्जून सांगावे.

औषधाची निवड भूलतज्ज्ञ करतात, परंतु तिचा आधार रुग्णाने दिलेली माहिती हाच असतो. ‘मामांना ऑपरेशननंतर रात्रभर मशीनवर ठेवले होते’ ही घरातील आठवण आपणांस क्षुल्लक वाटेल. आमच्या दृष्टीने ती अमोल आहे. भूल देण्यापूर्वीच्या तपासणीत ती अवश्य सांगावी, अशी आमची नम्र विनंती आहे.