आधी खडक, मग चहाघर

मुलांनो, गेल्या वर्षी आमच्या शाळेत घडलेली गोष्ट सांगते. मुलांना खिचडी खायला बसता यावं, म्हणून पटांगणात एक शेड बांधायची ठरली. गवंडीकाका आले. दोरी धरली, फक्कीने रेघा मारल्या. बघतो तर काय, एक रेघ थेट कडुलिंबाच्या बुंध्याला जाऊन भिडली! "झाड काढावं लागेल," काका म्हणाले. आम्ही मोठ्या माणसांनी लगेच माना डोलावल्या. तेवढ्यात चौथीतली एक चिमुरडी म्हणाली, "पण बाई, झाड तर आधीपासून आहे. शेड आत्ता येतेय ना?"

मला काही उत्तर सुचेना. पण एक चहाघर मात्र आठवलं. कुठलं म्हणाल, तर पार पोर्तुगालमधलं!

पोर्तुगाल म्हटलं की फार लांबचं वाटतं. पण पाव, बटाटा आणि चावी हे आपले रोजचे शब्द पोर्तुगीज भाषेतूनच मराठीत आले आहेत. त्या देशाच्या उत्तरेला पोर्तो हे मोठं शहर आहे. त्याच्या जवळच, अटलांटिक महासागराच्या काठावर लेसा दा पाल्मैरा नावाचं गाव आहे. तिथला किनारा आपल्या जुहूसारखा सपाट वाळूचा नाही. मोठमोठे काळपट खडक आणि त्यांवर आपटून फुटणाऱ्या लाटा! जवळच एक दीपगृह आहे आणि बोआ नोव्हा नावाचं एक छोटं जुनं प्रार्थनाघर आहे. बोआ नोव्हा म्हणजे आनंदाची बातमी.

१९५६ साली तिथल्या नगरपालिकेने या किनाऱ्यावर चहाघर आणि उपाहारगृह बांधण्यासाठी स्पर्धा ठेवली. ती जिंकली फर्नांदो ताव्होरा या वास्तुरचनाकारांनी. त्यांनी जागा निवडली ती नेमकी खडकांच्या गर्दीतली! मग पुढचं सगळं काम त्यांनी आपल्या तरुण सहकाऱ्यावर सोपवलं. त्याचं नाव आल्वारो सिझा. १९५८ साली काम सुरू झालं, तेव्हा सिझा जेमतेम पंचविशीचे होते. शिवाय त्यांचा जन्म त्याच भागातला. तो समुद्र, तो वारा त्यांच्या ओळखीचा.

आता तुम्हीच सांगा, अशा जागी बांधायचं तर पहिलं काम कोणतं? सुरुंग लावून खडक फोडायचे आणि जमीन सपाट करायची, होय ना? सिझांनी खडकांना तिथेच राहू दिलं आणि इमारत त्यांच्या मधे बसवली. पक्षी पंख पसरून खडकावर टेकावा, तशा तिच्या दोन खोल्या समुद्राकडे तोंड करून पसरल्या आहेत. एक चहाची, दुसरी जेवणाची. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, अर्धं जमिनीत दडवलेलं. भिंती पांढऱ्या, छपरावर आपल्या कोकणातल्यासारखी लाल कौलं. छप्परही असं बुटकं, की दुरून येणाऱ्याला आधी दिसतात ते खडकच!

आत जाण्याची वाटही मजेदार आहे. पायऱ्या आणि चौथरे चढत, वळणं घेत जायचं. चालता चालता समुद्र लपतो, पुन्हा दिसतो. दाराशी छप्पर इतकं खाली येतं, की आपण नकळत हळू होतो. आत शिरून लाकडी जिना उतरलं, की समोर अथांग पाणी! खिडक्यांची गंमत तर और आहे. त्यांची भली मोठी तावदानं चक्क जमिनीखाली सरकवता येतात. मग आपल्यात आणि समुद्रात काही उरतच नाही.

आत चमकधमक नाही की नक्षीकाम नाही. लाकूड, काँक्रीट, चुन्यासारख्या पांढऱ्या भिंती, बस्स. थोडक्यात गोडी म्हणतात ना, तसं. जे कमी पडलं, ते बाहेरचा समुद्र भरून काढतो.

१९६३ साली हे चहाघर पूर्ण झालं. पुढे सिझा जगप्रसिद्ध झाले आणि १९९२ साली त्यांना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींना २०१८ साली मिळाला, तोच हा मोठा मान.

पण एक लक्षात ठेवा. निसर्गाच्या शेजारी राहायचं, तर देखभाल कायमची. खारा वारा कुणाचीच गय करत नाही. १९९१ साली सिझांनी स्वतः या इमारतीची दुरुस्ती केली. नंतर ती बंद पडली. रिकाम्या वास्तूत लोकांनी मोडतोडही केली. राष्ट्रीय स्मारक म्हणून मान मिळालेल्या वास्तूची ही दशा! तेव्हा ऐंशीच्या घरातल्या सिझांनी पुन्हा हात घातला आणि २०१४ साली तिथे परत पंगती बसू लागल्या.

तुम्ही चित्र काढता तेव्हा आधी घर काढता आणि उरलेल्या जागेत झाड, हो ना? या रविवारी उलटं करून बघा. अंगणात किंवा मैदानात जा. झाड कुठे आहे, वारा कुठून येतो, पावसाचं पाणी कुठून वाहतं, ते आधी कागदावर काढा. मग घराला जागा शोधा. आईबाबांनाही सोबत घ्या. खरं घर बांधायची वेळ त्यांच्यावरच येणार आहे!

आणि आमच्या शेडचं काय झालं? गवंडीकाकांनी दोरी पुन्हा धरली. शेड थोडी सरकली, थोडी लहानही झाली. एक पंगत आत मावत नाही, ती कडुलिंबाखाली बसते.

त्या पंगतीत बसण्यासाठी आता रोज भांडणं होतात!