उघाडी

उरणच्या खाडीकाठी उघाडी म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. बांधात बसवलेलं ते लाकडी दार. भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून रेटतं आणि दार मिटतं. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी त्याच दाराला ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, यंत्र लागत नाही.

नवी मुंबईची गोष्ट बहुधा 17 मार्च 1970 पासून, शहर वसवणाऱ्या सिडकोच्या स्थापनेपासून सांगतात. फार तर 1965 पर्यंत मागे जातात, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलेल्या कल्पनेपर्यंत. त्यांची दृष्टी मोठी होतीच. पण त्यांच्या नकाशातली कितीतरी जमीन आगरी, कोळी, कराडी माणसांनी हातांनी घडवली होती. खाजणात उतरून चिखलाचे बांध घालायचे, दोन-तीन पावसाळे खार धुऊन निघू द्यायचा, मग राता भात पेरायचं. हा वाण खारं पाणी सोसतो. जिथे भात होत नसे तिथे मिठागर. आगरावरूनच आगरी, असं म्हणतात. शहराआधीचं हे नियोजन होतं, फक्त ते कागदावर नव्हतं.

पुढे सिडकोने वाशी-बेलापूरकडे धारण तलाव बांधले. भरतीला त्यांच्या झडपा मिटतात, ओहोटीला उघडतात. डच पद्धत म्हणून त्यांचं नाव झालं. तत्त्व मात्र उघाडीचंच.

ठाणे, पनवेल, उरणमधल्या 95 गावांची जमीन शहरासाठी ठरली, तेव्हा सरकारी मोजणीत जमीन आली. पिढ्यानपिढ्यांचं हे बांधकाम आलं नाही. प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांचे नेते, जासईचे दि. बा. पाटील यांच्या लढ्याचं मूळ मला इथे दिसतं. 16 जानेवारी 1984 ला दास्तान फाट्यावर आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी नवघरला. चिर्लेचे नामदेव शंकर घरत, धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर, पागोट्याचे कमळाकर कृष्ण तांडेल, महादेव हिरा पाटील आणि केशव महादेव पाटील गेले. त्यांच्या रक्तातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व उभं राहिलं. जमीन घडवणाऱ्याचा शहरात वाटा आहे, हे सरकारला तेव्हा मान्य करावं लागलं.

1989 मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, 2024 मध्ये अटल सेतू. भराव टाकून नव्या जमिनी उंच झाल्या आणि जुनी गावं खोलगटात राहिली. शेती सुटली तिथे बांधाकडे बघणारं कुणी उरलं नाही. हुतात्म्यांची स्मारकं आहेत, असायलाच हवीत. एखादी चालती उघाडीही तितक्याच मानाने जपावी, असं मला मनापासून वाटतं.

उरण तालुक्याच्या पूर्वेला पुनाडे, वशेणीकडे अजून खारभात लावतात. उधाणात बांधाला खांड पडली, तर दुसरी भरती चढायच्या आत ती बुजवावी लागते.