ॲप बंद पडले. औषधाची चिठ्ठी कुठे आहे?

भिवंडीतल्या अंजूरफाट्याजवळ राहनाळ परिसरात गोदामांच्या रांगा आहेत. दिवसभर ट्रक येतात, माल उतरतो, पुन्हा चढतो. गाडी कुठवर आली, पावतीचा फोटो, उद्याची पाळी हे सारे आता व्हॉट्सॲपवर कळते. आणि त्याच फोनमध्ये घरही असते. आईच्या साखरेचा रिपोर्ट, डॉक्टरांनी पाठवलेली गोळ्यांची चिठ्ठी, गावाकडे असलेल्या गरोदर बायकोच्या सोनोग्राफीची तारीख.

समजा, इथल्याच एका गोदामात काम करणाऱ्या माणसाने सकाळी फोन उघडला आणि पडद्यावर सूचना दिसली, की ॲपची ही आवृत्ती आता चालणार नाही, नवी घ्या. नवी घ्यायला गेला, तर फोनमध्ये जागा नाही. जेवणाच्या सुट्टीत सोबतचा सांगतो, ‘जीबी टाक ना, सगळं चालतं.’ दोन मिनिटांत तो निर्णय घेतो. हा निर्णय फोनचा वाटतो. पण त्यात आईच्या गोळ्याही असतात आणि बँकेचा ओटीपीही.

हे असे का होते आणि अशा वेळी काय करावे, ते आज पाहू.

गेटवरचा पहारेकरी

आपण संदेश पाठवतो तेव्हा तो थेट समोरच्याच्या फोनवर जात नाही. आधी कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. गोदामाच्या गेटवर पहारेकरी जसा गाडीला अडवून पास बघतो, तसा सर्व्हर प्रत्येक ॲपला विचारतो: तू कोण, तुझी आवृत्ती कोणती, तुझी किल्ली दाखव. दोन प्रकारच्या गाड्या तो परत पाठवतो. एक, जिचा पास जुना झाला आहे. दुसरी, जी आपलीच म्हणून आली आहे. पण आहे दुसऱ्याचीच. दोघींना गेट बंद असले तरी कारणे वेगळी आहेत.

जुना पास

व्हॉट्सॲपच्या प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. ती संपली की ॲप स्वतःच अपडेट मागते. याचे मुख्य कारण सुरक्षा. मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलिंगमध्ये एक भोक सापडले. नुसता कॉल आला, तो उचललाही नाही, तरी फोनमध्ये हेरगिरीचे सॉफ्टवेअर शिरू शकत होते. जगभरातले सुमारे १४०० फोन यात लक्ष्य झाल्याचे कंपनीने सांगितले. भारतातल्या ज्यांना तशी सूचना मिळाली, त्यांत महाराष्ट्रातले वकील आणि कार्यकर्तेही होते. भोक बुजवणारे अपडेट लगेच आले; पण ते ज्याने घेतले नाही, त्याचे दार उघडेच राहिले.

फोनची मूळ यंत्रणाही जुनी होते. तिला बनवणाऱ्याकडून दुरुस्त्या येणे थांबते, कुलपाच्या नव्या पद्धती तिला पेलत नाहीत. म्हणून २०१७ मध्ये नोकियाचे सिम्बियन फोन सुटले, ३१ डिसेंबर २०१९ ला विंडोज फोन. २४ ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५.० च्या खालचे फोन गेले, ५ मे २०२५ पासून आयओएस १५.१ च्या खालचे आयफोन. आपल्याकडे जास्त लागले ते जिओफोनचे. बटणांच्या या स्वस्त फोनवर सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॉट्सॲप आले आणि २०२५ च्या सुरुवातीला बंद झाले. सुरक्षेचे कारण खरे असले, तरी ज्याला नवा फोन घेणे जड जाते, त्याच्याच दारात ते आधी येऊन उभे राहते.

दुसऱ्याची गाडी

परक्या ॲपना अडवण्याची गोष्ट मात्र व्हॉट्सॲपपेक्षा जुनी आहे. जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर आणले आणि ते एओएलच्या लोकप्रिय मेसेंजरवरच्या लोकांशी बोलू लागले. एओएलने वाट अडवली, मायक्रोसॉफ्टने नवी काढली, असे महिनोन् महिने चालले. शेवटी एओएलचा सर्व्हर समोरचे ॲप अस्सल आहे का, हे ओळखण्यासाठी चक्क आपल्याच ॲपमधल्या एका दोषाचा उपयोग करू लागला. दोष फक्त अस्सल ॲपमध्ये. तो नसेल तर तू नकली. मायक्रोसॉफ्टने नाद सोडला. २००३ मध्ये तेच मायक्रोसॉफ्ट अडवणारे झाले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये याहूने आणि ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने परक्या आणि जुन्या ॲपना दार लावले. याहूने कारण दिले नको असलेल्या संदेशांचे, मायक्रोसॉफ्टने सुरक्षेचे.

ही कारणे खरी असतात. पण प्रत्येक वेळी तेवढीच असतात असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बीपर मिनी नावाच्या ॲपने अँड्रॉइडवरून ॲपलच्या आयमेसेजवर संदेश पाठवण्याची सोय केली. ॲपलने ती काही दिवसांत बंद पाडली आणि ग्राहकांच्या सुरक्षेचे कारण दिले. टीकाकार म्हणाले, उलट त्या सोयीमुळे दोन फोनांमधले संदेश अधिक सुरक्षित होत होते. ग्राहक आपल्याच अंगणात राहावा, हाही हिशेब असतोच. म्हणून युरोपीय संघाने कायदा केला. मार्च २०२४ पासून तिथे व्हॉट्सॲपसारख्या मोठ्या सेवांनी मागणी आल्यास इतर सेवांना ठरलेल्या नियमांनी जोडून घ्यायचे आहे. म्हणजे परक्याला आत घेता येते. फक्त पास उघडपणे द्यावा लागतो.

‘जीबी टाक’ म्हणजे काय?

जीबी, प्लस, एफएम, यो अशा नावांची बदललेली व्हॉट्सॲपे या उघड पासाने येत नाहीत. ती प्ले स्टोअरवर नसतात. कुणीतरी फाइल पाठवतो आणि आपण ती टाकतो. जानेवारी २०१५ मध्ये व्हॉट्सॲपने ‘प्लस’ वापरणाऱ्यांना २४ तासांसाठी बाहेर ठेवले होते. पुढे अशी ॲपे वापरणाऱ्यांची खाती कायमची बंद होऊ लागली.

खाते जाणे हा त्यातला लहान धोका. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला ऑगस्ट २०२१ मध्ये एफएम व्हॉट्सॲपच्या एका आवृत्तीत ट्रायडा हा घुसखोर सापडला. तो फोनवर आणखी घातक सॉफ्टवेअर उतरवत असे आणि मालकाच्या नकळत पैशांच्या सेवा सुरू करू शकत असे. ऑक्टोबर २०२२ मध्ये यो व्हॉट्सॲपमध्ये खात्याच्या किल्ल्याच चोरणारा कोड आढळला.

इथे अनेकांचा एक गैरसमज असतो. व्हॉट्सॲपवरचे संदेश एप्रिल २०१६ पासून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद असतात, मग भीती कसली? पण टोक म्हणजे आपल्या फोनमधले ॲपच. कुलूप तिथे उघडते, अक्षरे तिथे वाचता येतात. ते टोकच अनोळखी माणसाने बनवलेले असेल, तर वाटेतल्या कुलपाचा काय उपयोग? आईचा रिपोर्ट, आधारचा फोटो, बायकोची सोनोग्राफी सगळे त्याच्या डोळ्यांसमोरून जाते.

मग करायचे काय?

सूचना दिसताच आधी फोनची तारीख तपासा. ती चुकीची असली, तरी ॲप अडते. मग जागा करा. सुप्रभातची चित्रे आणि लग्नांचे व्हिडिओ काढले, तर पुष्कळ फोन हलके होतात. अपडेट फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून घ्या.

बदललेले ॲप आधीच टाकले असेल, तर त्यातले दवाखान्याचे फोटो आधी बाजूला काढा. जुने संभाषण अस्सल ॲपमध्ये येईलच, याची खात्री नसते. नंतर ते ॲप काढून टाका, अस्सल घ्या, त्याला सहा आकडी पिन लावा आणि बँकेचे पिन बदला. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

सर्वांत महत्त्वाचे, व्हॉट्सॲप हे दवाखान्याच्या कागदांचे कपाट नाही. मार्च २०२० च्या केंद्राच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी डॉक्टरांना अशा माध्यमांतूनही सल्ला द्यायला मुभा दिली, ते सोयीचेच झाले. पण सल्ला आला की औषधाचे नाव, मात्रा, कशाची ॲलर्जी आणि डॉक्टरांचा फोन नंबर वहीत लिहून ठेवा. रिपोर्टची एक प्रत काढून पिशवीत ठेवा. चौदा आकडी आभा क्रमांक काढला, तर नोंदी त्याला जोडून ठेवता येतात. फोन बदलला तरी त्या राहतात. छातीत दुखणे, दम लागणे, प्रसूतीच्या कळा यांत तर ॲपच्या उत्तराची वाट पाहूच नये. १०८ ला कोणत्याही जुन्या फोनवरून कॉल लागतो.

एकच टिक

शेवटची गोष्ट दुसऱ्या बाजूच्या लोकांसाठी. डॉक्टर, लॅब, आशाताई, मुकादम आणि गावाकडचे नातेवाईक यांच्यासाठी. ज्याचे ॲप बंद पडले, त्याला पाठवलेल्या संदेशापुढे एकच टिक दिसते. संदेश सर्व्हरवर ३० दिवस थांबतो, मग पुसला जातो. पाठवणाऱ्याला वाटते, आपण कळवले. घेणाऱ्याला ठाऊकच नसते, की काही आले होते. त्या संदेशात बदललेली गोळी असू शकते किंवा तपासणीची तारीख.

राहनाळच्या त्या माणसाने ‘जीबी’ टाकले नाही आणि नवा फोन घ्यायला पगाराची वाट पाहिली, तर त्याने शहाणपणच केले. तोवर त्याच्या आईची गोळी चुकू नये, हे मात्र आपल्याही हातात आहे. दुसऱ्या दिवशीही एकच टिक दिसत असेल, तर साधा फोन लावा.